फिजी किती लांब

नाथाजी मास्तर फडतरे पहिल्यांदा चुकले ते भुकेपोटी. भूक लागली नसती तर त्यांनी बायकोच्या प्रश्नावर नीट विचार केला असता. पण शाळा सुटून आलेला माणूस, पुढ्यात गरम भाकरी, वर हुलग्याचं माडगं, अशा वेळी भूगोलाचा विचार करणारा शिक्षक अख्ख्या खटाव तालुक्यात सापडला नसता.

लीलाबाईंनी तवा उतरवता उतरवता विचारलं, "आवं, मालन इमानात बसली की उतरंस्तवर किती घंटं लागत्यात?"

"पाच-सहा तास," मास्तर म्हणाले आणि भाकरी मोडली.

"मंग झालं. तिचा पाय जमिनीला लागंस्तवर मी अन्नाला शिवणार न्हाई. जोतिबाला बोलून बसलेय."

मालन ही त्यांची एकुलती एक लेक. तिचा नवरा दिनकरराव हा साखर कारखान्यातला केमिस्ट. दुष्काळ सरून दोन पावसाळे झाले होते, तरी इकडं उसाची रडकथा चालूच होती, तेव्हा त्यानं कुठूनशी जाहिरात वाचून फिजी बेटातल्या साखर कारखान्यात नोकरी धरली. सहा महिन्यांपूर्वी तो पुढं गेला. आता मालन निघाली होती. माहेरी आठ दिवस राहून, रडून, आईच्या हातच्या चटण्यांची गाठोडी घेऊन ती सांगलीला सासरी परतली होती, आणि येत्या गुरुवारी मुंबईहून एकटीच विमानात बसणार होती. जी पोरगी साताऱ्याच्या येष्टीत खिडकी मिळाली नाही तर ओकायची, ती.

मास्तरांचा पहिला घास तोंडात होता, तेवढ्यात ओट्यावर पेपर वाचत बसलेल्या हंबीररावांनी आत डोकं घातलं. हंबीरराव हे शेजारी. फौजेतून सुभेदार होऊन आलेले. फौजेत त्यांनी एकदा विमानप्रवास केला होता, आणि त्या एका प्रवासावर ते इथं वडूज गावात बारा वर्षं जगत होते.

"मास्तर, पाच घंट्यात? आवं, आमी तेजपूरला गेलतो तर हिकडनं तिकडं जायला दीस मावळला हुता. आन् त्ये तर आपल्याच देसात हाय. फिजी कुटं, तेजपूर कुटं!"

"तुमचं विमान जुनं होतं," मास्तर म्हणाले.

"जुनं असंल. पर संगं रेशनाची बकरी हुती मास्तर. ती बी थकली हुती."

लीलाबाईंनी नवऱ्याकडं पाहिलं. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली होती, आणि एवढ्या काळात पृथ्वी, सूर्य, पाऊस, वारा या बाबतींत त्यांनी नवऱ्याचा शब्द कधी मोडला नव्हता. त्या नजरेत पहिल्यांदाच एक बारीकशी चीर दिसली.

खरी काळजी वेगळीच होती. लीलाबाईंना रक्तदाब होता. मागच्या हरताळकेला उपाशीपोटी भोवळ येऊन त्या न्हाणीत पडल्या होत्या, आणि डॉक्टरांनी मास्तरांना बाजूला घेऊन बजावलं होतं की पुन्हा असला निर्जळी कारभार झाला तर मी जबाबदार नाही. पाच-सहा तासांचा उपास म्हणजे काही नव्हे. पण पाच-सहाचे किती होणार, हे आता कुणीतरी नीट शोधून काढायला हवं होतं. ते कुणीतरी म्हणजे भूगोलाचा शिक्षकच.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी शाळेतला पृथ्वीचा गोल घरी आणला. गोल पत्र्याचा होता. पत्र्याच्या दोन वाट्या विषुववृत्तावर जोडून तो बनवलेला, आणि किती वर्षांच्या पोरांच्या हाताळणीनं तो जोड सुटलेला. त्यामुळं उत्तर गोलार्ध एका बाजूला फिरे आणि दक्षिण गोलार्ध आपल्या मर्जीनं दुसऱ्या. एरवी वर्गात याची अडचण येत नसे, कारण परीक्षेत कुणी दोन्ही गोलार्धांतलं काही एकदम विचारत नाही. पण मुंबई होती वरच्या वाटीत आणि फिजी खालच्या.

मास्तरांनी लीलाबाईंच्या शिवणाच्या डब्यातला दोरा घेतला, मुंबईवर अंगठा दाबला आणि दोरा खाली ओढला. वीतभर भरला. दोरा सोडून पुन्हा लावेपर्यंत खालची वाटी सरकली होती. आता दोन वितींहून जास्त भरला.

"धरा की वो जरा," मास्तर हंबीररावांना म्हणाले.

हंबीररावांनी गोल मांडीत घेतला. धरता धरता खालची वाटी करकरली आणि आफ्रिकेच्या खाली ऑस्ट्रेलिया आला.

"जरा हिकडं फिरवू का? जवळ येती पोरगी," हंबीरराव चांगल्या मनानं म्हणाले.

लीलाबाई इतका वेळ दाराशी उभ्या होत्या. त्या पुढं आल्या, गुडघे टेकून बसल्या आणि त्यांनी विचारलं, "ह्यातलं फिजी कंचं?" मास्तरांनी माशी बसल्यासारखा एक ठिपका दाखवला. लीलाबाईंनी दोन्ही हातांनी खालची वाटी हळूहळू फिरवत आणली, मुंबईच्या बरोबर खाली तो ठिपका आल्यावर थांबवली आणि म्हणाल्या, "हितं ऱ्हाऊ द्या."

मास्तरांनी दोरा गुंडाळून डब्यात ठेवला.

नकाशाच्या पुस्तकानं तर आणखी घोळ केला. त्यात फिजी पानाच्या अगदी उजव्या कडेला अर्धं कापलेलं होतं आणि उरलेलं अर्धं डाव्या कडेला. मास्तरांनी उतावीळपणानं डाव्या कडेचं धरलं. त्यामुळं मालन अरबस्तान, आफ्रिका आणि दोन्ही अमेरिका ओलांडून, अर्धी अधिक पृथ्वी पालथी घालून फिजीला चालली. त्या अंतराला मास्तरांनी हंबीररावांच्या विमानाच्या वेगानं भागलं. तासाला दीडशे मैल, बकऱ्यांसकट. गणित साडेचार दिवसांचं आलं.

हे त्यांनी कुणाला सांगितलं नसतं तर बरं झालं असतं. पण ते कागदावर आकडे मांडत असताना शेजारच्या रंगूबाई ताक मागायला आल्या होत्या. रंगूबाईंना वाचता येत नव्हतं, मात्र मास्तरांचा चेहरा वाचता येत होता. त्यांनी दोनदा विचारलं आणि तिसऱ्यांदा मास्तरांच्या तोंडून निघून गेलं. सांजेपर्यंत आळीत झालं की मास्तरांची मालन साडेचार दिवस वर लोंबकळणार.

"लीलाबाय, आसं कर," रंगूबाईंनी सल्ला दिला, "आतापासनं रोज दोन-दोन भाकरी वाडीव खा. आंगात साठवण हुती."

"मास्तर, त्या फिजीत म्हनं आपला आज म्हंजी त्यांचा उद्या आसतो?" हंबीररावांनी आपलं ज्ञान पुढं केलं.

मास्तरांना बरं वाटलं. अखेर आपल्या विषयातलं कुणीतरी काहीतरी विचारत होतं. त्यांनी खाकरून एकशे ऐंशी रेखावृत्त, आंतरराष्ट्रीय वाररेषा, ती बेटांना वळसा घालून वाकडी कशी काढली आहे, हे सगळं खुलासेवार सांगितलं. लीलाबाई शेवटपर्यंत शांतपणे ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "मंग तितं उद्या झालाच हाय, तर पोरगी उतरली का न्हाई ती आजच इचारून घ्या की."

मास्तरांनी भूगोलाचं पुस्तक उघडलं, चाळलं आणि मिटलं.

त्यांनी ठरवलं, आता अंदाज बास. सरळ विमानवाल्यांनाच विचारायचं. एका जुन्या वर्तमानपत्रात मुंबईच्या विमान कंपनीची जाहिरात होती, खाली टेलिफोन नंबर. तो त्यांनी एका चिठोऱ्यावर उतरवून घेतला. चष्मा त्या वेळी शाळेत राहिला होता, ही गोष्ट त्यांना महत्त्वाची वाटली नाही. साताऱ्याला शिक्षण खात्यात तसंही काम होतं. पहिल्या गाडीनं ते पुसेगाव, कोरेगाव करत साताऱ्याला गेले, खात्यातलं काम नेहमीप्रमाणं न होता उरकलं आणि टेलिफोनच्या ऑफिसात मुंबईचा ट्रंककॉल लावून बाकावर बसले. बाकावर आधीच वडुजाचे किराणा दुकानदार दादासो बसलेले होते. त्यांना पुण्याला गुळाचा भाव विचारायचा होता.

बराच वेळ गेल्यावर मास्तरांचं नाव पुकारलं गेलं. ते टोपी सारखी करून आत गेले. पलीकडून एका बाईंचा स्वच्छ आवाज आला.

"बोला, सातारा."

"मला एवढंच विचारायचं होतं," मास्तर ओरडले, कारण मुंबई लांब होती, "फिजीला किती वेळ लागतो?"

"फ्रिजला? बुकिंग झालंय का?"

"झालंय! गुरुवारचं!"

"मग तीन आठवडे धरा."

मास्तरांनी भिंतीला हात टेकला. "तीन आठवडे? अहो बाई, लहान पोर आहे माझी!"

"लहान असो की मोठा, वेळ तेवढाच लागतो. ट्रकनं यायचं असतं ना."

"ट्रकनं? मध्ये समुद्र आहे!"

साताऱ्याला समुद्र आहे की काय, अशी शंका बहुधा त्या बाईंना आली असावी. पण त्या नोकरीला पक्क्या होत्या. त्या म्हणाल्या, "तुम्ही काळजी करू नका. आम्ही नीट बांधून पाठवतो. मात्र वाटेत आडवं करायचं नाही, उभंच ठेवायचं. आडवं केलं तर गॅस बिघडतो."

"तीन आठवडे उभं?" मास्तरांचा आवाज फाटला.

"हो. आणि पोचल्यावर एक दिवस नुसतं शांत राहू द्यायचं."

"प्रवासाचा शीण म्हणून?"

"तसंच समजा. मग आतून ओल्या फडक्यानं पुसून घ्यायचं आणि स्विच लावायचा."

स्विच म्हटल्यावर मास्तरांच्या डोक्यात उजेड पडला. त्यांनी चिठोरा डोळ्यांजवळ नेला, लांब नेला. विमानाच्या जाहिरातीशेजारी चष्म्याविना कपाटाची वाटलेली एक जाहिरात होती, ती कपाटाची नव्हती, फ्रिजची होती. त्यांनी शेजारचा नंबर उतरवला होता.

कॉलचे पैसे भरायच्या रांगेत उभं राहून ते बाहेर आले तेव्हा बाकावर दादासो नव्हते. त्यांना गुळाचा भाव कळून ते मधल्या गाडीनं निघूनही गेले होते. आणि मास्तरांचा आवाज दाराबाहेर किती येत होता, हे मास्तरांना वडुजाच्या स्टँडवर उतरल्यावर कळलं.

"मास्तर, फ्रिज घेतलासा म्हनं!" पहिल्याच माणसानं विचारलं. घरापर्यंत जाईतो अकरा जणांनी विचारलं. आत्ताशी कुठं डॉक्टरांच्या आणि एका कंत्राटदाराच्या घरी फ्रिज आला होता. एका प्राथमिक शाळेतून चढत माध्यमिकला आलेल्या शिक्षकानं फ्रिज घ्यावा म्हणजे काहीतरी पाणी मुरतंय, असं हेडमास्तरांसकट सगळ्यांना वाटू लागलं. दारात रंगूबाई उभ्या होत्या.

"मास्तर, माज्या दह्याच्या गाडग्यापुरती जागा ठिवा. मी काय रोज ठिवनार न्हाई."

"रंगूबाई, मी फ्रिज घेतलेला नाही."

"आसंल, आसंल. सांगू नगा कुनाला. मी बी न्हाई सांगत."

लीलाबाईंनी पाण्याचा तांब्या हातात दिला आणि फक्त एवढंच विचारलं, "इमानाचं काय कळलं?" मास्तरांनी मान हलवली. त्यांना वाटलं, बायको रागावली असती तर बरं झालं असतं. ती रागावली नाही. तिनं तांब्या परत घेतला आणि म्हणाली, "आता ऱ्हाऊ द्या. लालासाहेब पावनं सवता इऊन सांगत्याल की पोरगी उतरली, तवाच मी जेवनार. घड्याळाचं माज्याम्होरं काढू नगा."

म्हणजे आता उपास तासांचा राहिला नाही, बातमी येईपर्यंतचा झाला. लालासाहेब म्हणजे मालनचा धाकटा दीर, सांगलीला राहणारा. तिला मुंबईला विमानात बसवायला तोच जाणार होता, आणि कंपनीकडून काही कळलं तर त्यालाच कळणार होतं. तो कधी कळवणार, कधी येणार, कुणाला ठाऊक.

शेवटचा उपाय म्हणून मास्तर सांगलीला गेले. मायणी, विटा, तासगाव करत गाडी पोचेपर्यंत त्यांनी मनाशी ठरवलं होतं की आज कुणाशी वाद घालायचा नाही, उत्तर घ्यायचं आणि परतायचं. जिथून मालनचं तिकीट काढलं होतं ते ऑफिस एका कापडदुकानाच्या माडीवर होतं. टेबलामागं एक तरुण बसला होता. कॉलर लांब, केस कानांवर. त्यानं वही न पाहताच सांगितलं: गुरुवारी सकाळी दहाला मुंबई सोडायची, सिंगापूर, मग सिडनी, आणि शुक्रवारी संध्याकाळी साडेसहाला फिजी.

मास्तरांनी झटकन बोटं मोजली. "म्हणजे साडेबत्तीस तास."

तरुण हसला. "काका, तसं नसतं. तिथलं घड्याळ वेगळं असतं. गावाकडं हे माहीत नसतं लोकांना."

मास्तरांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. रेखावृत्तं आणि स्थानिक वेळ हा धडा ते आठवीला दर वर्षी शिकवत. पोरीच्या काळजीत तेवढा विसरले होते, एवढंच. ते सांगायला तोंड उघडणार, तोच त्यानं विचारलं, "काय करता तुम्ही?"

सत्तावीस वर्षं नोकरी झालेला माणूस. एक क्षण असा येतो की माणसाला आपलं जे काही आहे ते झाकून ठेवावंसं वाटतं.

"शेती," मास्तर म्हणाले.

"हां. मग बघा, सोपं करून सांगतो." तरुणानं टेबलावरचा काचेचा पेपरवेट उचलला. "ही पृथ्वी. पृथ्वी गोल असते." मास्तरांनी मान डोलावली. "आपण इथं, फिजी इथं. सूर्य तिथं आधी उगवतो. त्यांचं घड्याळ आपल्यापुढं साडेसहा तास. आता साडेबत्तीसमध्ये हे साडेसहा मिळवले की झाले एकोणचाळीस."

मास्तर दचकले. मिळवायचे नव्हते, वजा करायचे होते! सव्वीस! आठवीचा शेवटच्या बाकावरचा पोरगासुद्धा ही चूक करून त्यांच्या हातची छडी खाऊन गेला होता. त्यांच्या तोंडात 'अरे गाढवा' येऊन थांबलं. पण आत्ताच आपण शेतकरी झालो होतो. शेतकऱ्यानं एकदम रेखांश वजा करायला लागावं हे त्यांना शोभलं नसतं. ते घाम पुसत बसले आणि त्या पोरानं आनंदानं, हळूहळू, एकेक शब्द सुटा करून त्यांना चुकीचा भूगोल शिकवला.

आणि त्याच वेळी जिन्यावरून एक गृहस्थ वर आले, दारातच थबकले आणि वाकून मास्तरांच्या पायाला हात लावू लागले.

"सर! तुम्ही इथं? अहो, हे आमचे वडुजाचे भूगोलाचे सर. काय शिकवायचे म्हणून सांगू!"

तरुणानं पेपरवेट खाली ठेवला. त्यानंतर माडीवर काय बोलणं झालं ते मास्तरांना नंतर आठवेना. जिना उतरताना त्यांची एक चप्पल मागं राहिली होती, ती आणायलासुद्धा ते वर गेले नाहीत. त्या विद्यार्थ्यानंच खाली आणून दिली.

तिथून ते मालनकडं गेले. ती बॅग भरत होती. सासूच्या देखत जास्त बोलता येईना, म्हणून ती पाणी द्यायच्या निमित्तानं पडवीत आली.

"आण्णा, सगळी येगयेगळं सांगत्यात. खरं किती वेळ वो?"

"सव्वीस तास," मास्तर म्हणाले. आवाज त्यांचा त्यांनाच ओळखू आला नाही, इतका हलका होता. "त्यात दोनदा उतरतं. सिंगापूरला थोडाच वेळ थांबतं, जागेवरनं हलायचं नाही. मग समुद्र येतो, त्या वेळी झोप. उठलीस की आलंच."

"तुमी सांगितलं म्हंजी बराबर असंल," मालन म्हणाली आणि पदरानं डोळे पुसले.

साऱ्या मुलखात एकच माणूस उरला होता की ज्याचा मास्तरांवर विश्वास होता, आणि तोही आता फिजीला चालला होता.

गुरुवारी सकाळी दहाच्या सुमाराला लीलाबाईंनी चूल विझवली. चहा चालेल असा हंबीररावांनी फौजी निर्णय दिला होता, पण लीलाबाईंनी चहाही नाकारला. पाणी तेवढं घेत होत्या, तेही मास्तर समोर उभे राहिले तर. डॉक्टरांची गोळी उपाशीपोटी द्यायची की नाही, या विचारात मास्तरांनी ती तीनदा पुडीतून काढली आणि तीनदा ठेवली. शाळेत त्यांचं लक्ष लागत नव्हतं. सहावीच्या वर्गात त्यांनी कृष्णा नदी सिंगापूरला नेऊन सोडली.

शुक्रवारी दुपारी बाराच्या ठोक्याला ते मधल्या सुट्टीत धावत घरी आले.

"उतरली! आत्ता उतरली मालन! तिथं संध्याकाळ झालीय. ऊठ, दोन घास खा."

लीलाबाई जोत्याला टेकून बसल्या होत्या. ओठ सुकले होते. "पावनं आलं?"

"पावणं कशाला पाहिजेत? गणित आहे ना माझ्याकडं!"

लीलाबाईंनी डोळे मिटून घेतले. सत्तावीस वर्षांच्या भूगोलाचं काय झालं, ते मास्तरांना त्या मिटलेल्या डोळ्यांतच दिसलं.

हंबीरराव धीर द्यायला आले. "वैनी, काळजी करू नगा. इमान एखांद्या वक्ताला पान्यात बी उतरतं. माणसं तरंगत्यात. फौजेत शिकिवत्यात आमास्नी." त्यांना मास्तरांनी हाताला धरून बाहेर नेलं.

शनिवारी सकाळच्या शाळेत प्रार्थनेनंतर हेडमास्तरांनी सगळ्या मुलांसमोर जाहीर केलं की आपल्या शाळेच्या भूगोल शिक्षकांची कन्या काल सुखरूप फिजीला पोचल्या. फ्रिजच्या वावड्या मिटाव्यात, असा त्यांचा चांगला हेतू होता. त्यांनी मास्तरांना पुढं बोलावून मुलांना उड्डाणाचं गणित फळ्यावर करून दाखवायला लावलं. मास्तरांनी मांडलं. साडेबत्तीस वजा साडेसहा. मुलांनी टाळ्या वाजवल्या. एकही आकडा चुकला नव्हता. कितीतरी दिवसांनी मास्तर ताठ मानेनं घरी आले.

पडवीत लालासाहेब बसला होता. पहिल्या गाडीनं आलेला, धुळीनं माखलेला. हंबीरराव, रंगूबाई सगळी त्याच्या तोंडाकडं बघत होती. लीलाबाई भिंतीला धरून उभ्या राहिल्या होत्या.

"मावशी, घाबरायचं काय कारण न्हाई," लालासाहेब सांगत होता, "वैनी सुखरूप हायत. काल कंपनीचा निरोप आला. सिंगापूरला इमानात बिघाड झालाय. फुडचं इमान कवा मिळंल त्ये अजून नक्की न्हाई, उद्या, न्हाईतर परवा. तवर त्यास्नी हाटेलात ठिवलंय. खायला-प्यायला सगळं देत्यात."

मास्तर उंबऱ्यातच थांबले. फळ्यावरचं गणित अजून कुणी पुसलं नसेल. शाळेला कुलूप लागलं होतं. मालन काल उतरली, हे आता सोमवारपर्यंत तिथं पांढऱ्या खडूनं लिहिलेलं राहणार होतं, आणि पोरगी तर निम्म्या वाटेलाही पोचली नव्हती.

लीलाबाईंनी कोरड्या आवाजात विचारलं, "सिंगापूर म्हंजी जमीनच न्हवं?"

"जमीनच की मावशी. मोठ्ठं शार हाय."

"पाय लागला न्हवं जमिनीला?"

"लागला म्हंजी! हाटेलात हायत न्हवं."

"मंग सुटले मी," लीलाबाई म्हणाल्या आणि मटकन खाली बसल्या. रंगूबाईंनी आपल्या घरनं दूध-भाकरी कुस्करून आणलीच. लीलाबाईंनी आधी चार घोट घेतले, मग घास. चेहऱ्यावर रंग यायला लागला. तिसऱ्या घासाला त्या चक्क हसल्या. म्हणाल्या, "लालासाहेब, तुमी बी हात धुवा. उपाशी आला आसाल."

मास्तरांच्या तोंडून निघून गेलं, "अगं, पण अजून..."

सगळ्यांनी त्यांच्याकडं पाहिलं. मास्तरांना सिंगापूरच्या पुढचा नकाशा डोळ्यांसमोर स्वच्छ दिसत होता. आता त्यांना बघायला गोल लागत नव्हता की दोरा. जावा, मग अख्खा ऑस्ट्रेलिया, मग नुसतं निळं पाणी. आलेल्या वाटेच्या दुपटीहून जास्त. नीट न झोपलेली, भाषा न येणारी, एकटी पोरगी. 'सिंगापूरला थोडाच वेळ थांबतं, जागेवरनं हलायचं नाही,' असं त्यांनीच सांगितलेलं. खरंच हलली नसेल तर?

"अजून काय?" लीलाबाईंनी विचारलं. घास हातात थांबला होता. "लय ऱ्हायलंय का?"

"छे," मास्तर म्हणाले. "संपत आलं. आता समज, हितनं निघालेली गाडी विट्याच्या पुढं गेली. तासगाव आलंच."

"मंग काय!" लीलाबाई म्हणाल्या आणि घास तोंडात घातला.

हंबीररावांना तेजपूरपर्यंतचा भूगोल येत होता, त्यापुढचा नाही. पण त्यांनी मास्तरांकडं बघितलं आणि पहिल्यांदाच फौजेतली कुठलीच गोष्ट सांगितली नाही.

लालासाहेब जेवला. मास्तरांचंही ताट वाढलं होतं. ताज्या भाकरीला तूप लावून लीलाबाईंनी स्वतः पुढं सरकवलं. मास्तरांनी भाकरीचा तुकडा मोडला, हातात धरला आणि परत ताटात ठेवला.

"जेवा की. का बसला आसं?"

"भूक नाही. शाळेत खाल्लं."

"शाळंत काय खाल्लं?"

"आलोच जाऊन. शाळेत काम आहे," मास्तर म्हणाले आणि टोपी डोक्यावर घालत उठले.

शनिवारची शाळा केव्हाच सुटली होती. आळीतल्या शेंबड्या पोरालाही ते माहीत होतं. लीलाबाईंनी जाणाऱ्या नवऱ्याच्या पाठीकडं बराच वेळ पाहिलं. मग त्यांनी एक परात उचलली आणि मास्तरांचं ताट झाकून ठेवलं.

"रंगूबाय," त्या हळूच म्हणाल्या, "त्या सिंगापुराच्या फुडं लय पानी आसंल गं."

रंगूबाईंनी आपल्या पदराची गाठ सोडली, पुन्हा बांधली.